आधी नाव सांगा

नायफने बायकोला तलाक द्यायची शपथ घेतली, तीही एका खाटेवरून. बायको तिथंच स्टुलावर बसून संत्रं सोलत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. नवरा बस ड्रायव्हर, शिवाय जिभेला हाड नाही. असले तलाक तिनं लग्नापासून ऐकलेले.

झालं होतं असं. आमच्या ऐन-समरा गावच्या हॉस्पिटलात पुरुषांच्या वॉर्डात कोपऱ्याची एक खोली आहे, दोघांची. एक खाट खिडकीखाली. तिथून ऑलिव्हची झाडं दिसतात, वारा येतो. दुसरी संडासच्या दाराला चिकटून. तिथून काय येतं ते मी सांगत बसत नाही. खिडकीची खाट नायफला मिळाली होती. त्याची पित्ताची पिशवी काढायची होती. संध्याकाळी हाजी मिस्लिह आले, हर्नियाच्या ऑपरेशनला, आणि त्यांच्या वाट्याला आली दाराची खाट. हाजी नायफपेक्षा थोडेच मोठे. दोघांच्या मिशा पांढऱ्या, दोघांची पोटं सुटलेली. पण मोठा तो मोठा. नायफ ताडकन उठून बसला.

"हाजी, तुम्ही इकडं या."

"राहू दे रे बाबा. मी इथं बरा आहे."

"छे! मी इथं वारा खात लोळू आणि तुम्ही तिथं वास घेत पडणार? लोक माझ्या तोंडात शेण घालतील!"

"माझं नाक म्हातारं झालंय. त्याला काही कळत नाही."

"हाजी, तुम्ही त्या खाटेला पाठ टेकलीत तर माझ्या बायकोला तलाक!"

आता एवढं बोलून झाल्यावर माणूस काय करणार? दुसऱ्याचा संसार मोडण्यापेक्षा खाट बदललेली परवडली. हाजी खिडकीखाली गेले, नायफ दाराशी आला, बायकोनं संत्र्याच्या फोडी दोघांच्या हातावर ठेवल्या आणि सगळे कसे खूश झाले. वॉर्डातल्या नर्सला सांगावं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. घरातल्या घरात पाहुण्याला गादी दिली तर कुणी पोलिसात कळवतं का?

एवढ्यानंही फारसं बिघडलं नसतं. दाखल होताना आम्ही प्रत्येकाच्या मनगटाला नावाची पट्टी बांधतो. पण दोघंही नमाजी. वजू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुताना, पाणी कातडीला सगळीकडे लागायला हवं, म्हणून नायफनं दुपारीच पट्टी सोडून खिडकीच्या खाटेच्या दांडीला अडकवली होती. हाजींनी आल्या आल्या मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, वजूला आपली सोडली आणि दाराच्या खाटेच्या दांडीला अडकवली. माणसं बदलली, पट्ट्या जिथल्या तिथं लोंबकळत राहिल्या. सकाळी वॉर्डातली नवी नर्स आली, तिला पट्ट्या दांडीला दिसल्या. ती म्हणाली, "काय हो काका, असं काढून ठेवतात का?" आणि प्रेमानं ज्या खाटेवर जो होता त्याच्या मनगटाला बांधून टाकल्या. अक्षर मुंगीएवढं. हाजींना चष्म्याशिवाय आपला हातही नीट दिसत नाही, ते काय वाचणार?

म्हणजे बघा, या सगळ्या गोष्टीत वाईट माणूस एकही नाही. एकानं मोठ्याचा मान राखला, एकानं नमाज राखला, एकीनं काळजी घेतली. आणि हाजी मिस्लिह आमच्याकडे थिएटरात नायफ होऊन आले.

मी नजूद. थोरल्या पोराच्या नावावरून सगळे मला उम्म कुसै म्हणतात, कुसैची आई. ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स. तोंडाची फटकळ आहे असं लोक म्हणतात, आणि लोक कधीमधी खरंही बोलतात. माझी एक सवय आहे, तिच्यावरून सगळे माझी टर उडवतात. टेबलावरच्या माणसानं आपल्या तोंडानं आपलं नाव, बापाचं नाव आणि आज काय कापायचं ते सांगितल्याशिवाय मी सुरी हातात देत नाही. तसा नियम भिंतीवरच्या तक्त्यात छापलेलाच आहे. पण तक्ता भिंतीवर असला की तो भिंतीचा होतो, माणसांचा राहत नाही. बाकीचे काय करतात, तर विचारतात, "तुम्ही अमुक ना?" आणि पेशंट म्हणतो, "हो." घाबरलेला माणूस हो म्हणणार नाही तर काय करणार? त्याला "तुम्ही अम्मानचे महापौर ना?" असं विचारलं तरी हो म्हणेल.

पण आमच्या गावात नाव विचारणं म्हणजे विस्तवावर पाय. इथं सगळे सगळ्यांना ओळखतात. "तुम्ही कोण?" असं विचारलंत तर त्याचा अर्थ होतो, तुम्ही कुणीच नाही. एकदा एका शेखांना विचारलं, तर ते टेबलावरून उठून कपडे घालायला लागले होते.

त्या सकाळी थिएटरात आमचे सर्जन डॉक्टर मुहन्नद होते. पोरगा गुणी. हात इतका हलका की टाका घातलेला कळत नाही. शिकून परत आल्याला फार काळ झाला नव्हता, आणि त्याच्या घराण्याला त्याचं केवढं कौतुक! पहाटेच अपघाताची एक केस येऊन पडली होती, त्यात वॉर्डची फेरी राहून गेली. दिवसाची यादी लांबलेली, पोटात काही नाही, म्हणून साहेबांचा पारा चढलेला. हाजींना टेबलावर घेतलं. डोक्याला टोपी, गळ्यापर्यंत हिरवी चादर, दिसतात फक्त मिशा.

"अहलन, अहलन काका!" डॉक्टर मुहन्नद म्हणाला. "काय, काढायची ना आज पित्ताची पिशवी?"

"तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर. अल्ला तुमचे हात सलामत ठेवो."

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकची सिरिंज भरली, नळीला लावायला घेतली. मी पुढं झाले.

"काका, तुमचं नाव सांगा."

हाजी हसले. "नाव काय विचारतेस, लेकी? मी तुमचा पाहुणा."

"पाहुण्यालाही नाव असतं."

"उम्म कुसै," डॉक्टर म्हणाला, "पट्टी बघितलीय, फाइल बघितलीय. चला."

"पट्टीला मी विचारत नाहीये. काका, नाव?"

"उम्म कुसै! वडीलधारा माणूस आहे. का अपमान करताय त्यांचा? हे थिएटर आहे की पोलीस चौकी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सुरीच्या ट्रेवर कापड टाकलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिले. "चौकी समजा हवी तर. नाव कळल्याशिवाय इथून काही हलणार नाही. आणि भुलीचे डॉक्टरसाहेब, ती सिरिंजही तिथंच थांबवा."

कुणी माझ्याकडे बघेना. हाजींनाच माझी दया आली असावी.

"अगं, भांडू नका माझ्यापायी. मी मिस्लिह. खलीलचा मुलगा."

फाइलवर होतं नायफ, सलामाचा मुलगा.

"हाजी मिस्लिह," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना, "आज तुमचं काय करायचंय?"

"अंतर्गळ, दुसरं काय! इथं, डाव्या बाजूला. पण डॉक्टर पित्ताची पिशवी म्हणाले, तेव्हा मला वाटलं रात्रीतून पोटात अजून काही सापडलं असेल. एवढे शिकलेले आहेत. मी कशाला मध्ये तोंड घालू?"

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सिरिंज हळूच खाली ठेवली. हाजींची खरी फाइल मागवली, तर तिच्यावर लाल शाईत लिहिलेलं: पेनिसिलिन चालत नाही. पूर्वी एकदा दिलं होतं तेव्हा गळा सुजून माणूस जाता जाता वाचला होता. सिरिंजमध्ये होतं त्याच जातीचं औषध. म्हणजे पिशवीबिशवी राहिली बाजूला, सुरी लागायच्या आतच आम्ही हाजींना पोचवलं असतं. डॉक्टर मुहन्नद भिंतीला टेकला, त्यानं मास्क खाली ओढला आणि बाहेर निघून गेला.

बाहेर नायफला कळलं तेव्हा त्यानं आधी अल्लाचे आभार मानले आणि मग हिशोब मांडला. "थांबा, थांबा. म्हणजे माझी खडे भरलेली पिशवी तशीच ठेवून, मला नसलेला अंतर्गळ तुम्ही शिवणार होतात?"

"तू आणि तुझ्या शपथा!" त्याची बायको कडाडली. "आता पुन्हा तलाकचं नाव काढलंस ना, तर मीच घेते!"

मी हसले, पण आतून पेटलेच होते. डायरेक्टरसाहेबांकडे गेले आणि जे घडलं ते सगळं लेखी दिलं: खाटा, पट्ट्या, नियम, आणि डॉक्टरांनी मला विचारू नका म्हटलं तेही. वर मागणी केली की पेशंट स्वतःच्या तोंडानं सांगत नाही तोवर कुणी सुरी उचलायची नाही, मग तो कितीही मोठा डॉक्टर असो. साहेब म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, थिएटरात कधी पाऊल नाही.

"उम्म कुसै, काही झालं का? नाही ना? अलहमदुलिल्ला म्हणा आणि सोडून द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"ही मूठ उघडली असती ना साहेब, तर आत हाजींचं प्रेत निघालं असतं."

मी कागद मागे घेतला नाही. चौकशी लागली. आणि गावात तर तुम्हाला ठाऊकच आहे, एक शिंकला की दुसऱ्याला ताप येतो. संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी अशी होती की मुहन्नदनं हाजींच्या दोन्ही किडन्या काढल्या. त्याच्या आईनं अंथरूण धरलं. घराण्याचं नाक कापलं गेलं, म्हणून सगळे काका-मामा जमले आणि ठरलं: जाहा न्यायची.

जाहा म्हणजे गावातली वजनदार माणसं घेऊन समोरच्याच्या दारी जायचं आणि मागणं घालायचं. लग्नासाठी नेतात, भांडण मिटवायला नेतात, खून झाला तरी नेतात. पण नर्सच्या तक्रारीसाठी आलेली जाहा आमच्याकडे पहिलीच. आली ती माझ्या भावाच्या घरी. नवरा गेल्यापासून मी आणि पोरं दादाच्या घरातच वरच्या मजल्यावर राहतो. झुहैरदादा शाळेचा रिटायर हेडमास्तर. सोन्यासारखा माणूस, पण कुणी मोठा माणूस दारात उभा राहिला की हा विरघळतो. आणि इथं तर अख्खी रांग! पुढं अबू फवाज, म्हणजे फवाजचा बाप, मुहन्नदचे थोरले काका, खांद्यावर अंगरखा, हातात काठी. मागे मिशावाले पंधरा-वीस. शेवटी मान खाली घालून खुद्द मुहन्नद. आणि मधे, चांगले इस्त्रीचे कपडे घालून, हाजी मिस्लिह आणि नायफ!

"हे कशाला आलेत?" मी दाराच्या फटीतून वहिनीला विचारलं.

"माफ केलं म्हणून सांगायला आणलंय," वहिनी म्हणाली. "तू गप्प बस हां. पुरुषांचं बोलणं आहे."

गप्प? तक्रार माझी, नियम माझा, आणि देऊन टाकणार दादा! आणि तो देऊन टाकणार, याची मला शंभर टक्के खात्री होती. एकदा का त्यानं चार माणसांत शब्द दिला की मला तो मोडता येणार नव्हता. मग उद्यापासून पुन्हा तेच. "तुम्ही अमुक ना?" "हो." आणि कुणाच्या तरी नळीत ती सिरिंज.

वेलची घातलेली कॉफी फिरली. प्रत्येकानं कप घेतला आणि न पिता समोर ठेवून दिला. अबू फवाज घसा खाकरून म्हणाले, "झुहैर मास्तर, आम्ही मोठ्या आशेनं तुमच्या दारी आलोय."

दादाचा चेहरा लग्नातल्या बापासारखा फुलला. "काका, तुम्ही माझं घर उजळलंत! कॉफी प्या. तुम्ही जे मागायला आला आहात ते—"

"दादा!"

मी कधी खोलीत शिरले मलाच कळलं नाही. वीस मिशा माझ्याकडे वळल्या. दादाचं तोंड उघडंच राहिलं.

"ही... ही माझी बहीण," तो म्हणाला, जणू मी त्यांना माहीत नव्हते.

"ओळखतो. हिच्याचसाठी आलोय," अबू फवाज म्हणाले. रागावले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "बरं झालं आलीस, पोरी. बस. हे बघ, कुणाला ओरखडासुद्धा उठला नाही. हाजींनीही माफ केलंय. हो ना, हाजी?"

"मी तर तेव्हाच माफ केलं," हाजी म्हणाले. "नायफनंही केलं."

"बायकोची शपथ!" नायफ म्हणाला आणि पटकन जीभ चावली.

"काका," मी म्हणाले, "हाजी बसलेत इथं, म्हणून माफ करतायत. उद्याचा माणूस टेबलावरून उठलाच नाही, तर माफ कोण करणार? तेव्हा ही जाहा कुणाच्या दारी न्याल? त्याच्या बायकोच्या?"

दादानं माझी ओढणी खेचली. मी ती सोडवून घेतली. समोर अबू फवाजांचा कप होता, वर साय धरल्यासारखा थंड पडत चाललेला. आणि तेव्हा मला ते सुचलं. आधीपासून ठरवलेलं काही नव्हतं, अल्लानंच जिभेवर आणून ठेवलं.

"काका, तुमची कॉफी निवतेय. प्या ना."

"असं कसं? घरचा धनी हो म्हणेपर्यंत कप उचलायचा नाही. बापजाद्यांची रीत आहे."

"दादानं नुसती मान हलवली तर?"

"चालणार नाही."

"शेजारच्यानं त्याच्या वतीनं हो म्हटलं तर?"

"वेडी आहेस का? त्याच्या तोंडून यायला हवं."

"दादाला तुम्ही लहानपणापासून ओळखता. त्याच्या मनात काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. तरीही?"

"तरीही. शब्द तो शब्द."

"मग एवढं त्याच्या तोंडून वदवून घेता, यात दादाचा अपमान होतो?"

"अपमान?" अबू फवाज काठी आपटून म्हणाले. "अगं, हा तर त्याचा मान! त्याच्या शब्दाला किंमत आहे, म्हणून तर वीस माणसं कप खाली ठेवून बसलीत!"

"मग काका, मी तरी दुसरं काय मागते? एका कॉफीसाठी तुम्ही माणसाच्या शब्दाची वाट बघता. मी त्याचं पोट फाडायच्या आधी बघते. सुरी खाली, शब्द आधी. त्याच्या तोंडून, शेजाऱ्याच्या नाही, पट्टीच्या नाही. आणि तुमचा पुतण्या म्हणतो, मी अपमान करते!"

माझा आवाज चढला होता आणि शेवटी फुटलाही. मला रडायचं नव्हतं. हाजी आपल्या मनगटाकडे बघत बसले होते. अबू फवाज एकदम हसायला लागले. पोट हलेपर्यंत हसले.

"मास्तर, तुमच्या बहिणीनं आम्हाला आमच्याच दोरीनं बांधलं की हो!" आणि मग मागे वळून, हसू पुसून: "मुहन्नद. तू बोल. तुझ्या तोंडून."

मुहन्नद उठून उभा राहिला. लहान पोरासारखा दिसत होता. "काका, मी तुम्हाला इथं येऊ नका म्हणून सांगितलं होतं. अम्मीपुढं माझं चाललं नाही." तो थांबला. "त्या दिवसापासून मला झोप नाही. ती सिरिंज हाजींच्या हातापाशी होती, तेवढंच दिसत राहतं. उम्म कुसै चुकल्या नव्हत्या. त्यांनी तक्रार ठेवली तरी माझं काही म्हणणं नाही. विचारायचं काम यापुढं मी करीन. मी स्वतः."

माझा राग कुठल्या कुठं गेला. असा समोरचा माणूस एकदम मऊ झाला की माझी फार पंचाईत होते.

"डॉक्टरांचं नाव मी काढून टाकते," मी म्हणाले. "पण घडलं काय, ते कागदावर राहणार. खाटा उद्याही बदलतील आणि पट्ट्या उद्याही लटकतील. आता सैल पट्ट्या मागवा, मनगटावर फिरवता येतील अशा. वजूचं पाणीही आत जाईल आणि पट्टीही सुटणार नाही. आणि विचारायचं ते सगळ्यांना. शेखाला, मंत्र्याला, कुणालाही."

"दिलं," अबू फवाज म्हणाले.

"दिलं!" दादाही म्हणाला. त्याला काही द्यायला उरलंच नव्हतं, पण त्याच्यानं राहवेना. थंड कॉफी ओतून दिली, वहिनीनं नवी टाकली, आणि मग अशी काही प्याली सगळ्यांनी की डब्यातली वेलची संपली. हाजींचा अंतर्गळ आणि नायफची पिशवी पुढच्या आठवड्यात निघाली, ज्याची त्याची, ज्याच्या त्याच्या जागेवरून.

पण चार माणसांत दिलेला शब्द पाळायची वेळ खरी येते ती नंतर. ऑलिव्हची तोडणी संपली आणि थंडीत अबू फवाज स्वतःच आमच्याकडे दाखल झाले. झाडाखाली पोती उचलताना उजव्या बाजूला अंतर्गळ उतरला होता. दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायला तयार नाहीत. "माझ्या घरात सर्जन असताना मी परक्याच्या हातून फाडून घेऊ?"

टेबलावर घेतलं तेव्हा ते निम्मे दिसत होते. अंगरखा नाही, काठी नाही, कवळीसुद्धा काढलेली. थिएटरात आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो. खरं सांगते, मलाही वाटलं की हा आता काकांना विचारणार नाही. रक्ताचं माणूस. त्याला कुणी नाव विचारतं का?

मुहन्नद टेबलाशी आला. "नाव सांगा."

अबू फवाजांनी डोळे उघडले. "काय?"

"तुमचं नाव, वडिलांचं नाव, आणि आज काय करायचंय."

"अरे, तुझं नाव मी ठेवलंय!" ते बोळक्या तोंडानं गरजले. "तुझ्या बापाच्या आधी तुला मी उचललंय! आणि तू, चार परक्या माणसांत, मला विचारतोस मी कोण?"

मी ट्रेवर हात ठेवला, पण मुहन्नदनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला माझी गरज नव्हती. हातमोजे घातलेले दोन्ही हात छातीशी धरून तो काकांवर वाकला.

"काका, या गावात मला सगळ्यांत जास्त कुणाला गमवायचं नसेल, तर ते तुम्हाला. म्हणून विचारतोय. सांगा."

छताकडे बघत अबू फवाजांनी घसा साफ केला, आणि मग असं काही सांगितलं, जसं लग्नाच्या मांडवात सांगतात: "मी सुलतान. बाप मन्सूर. आजा दऊद. उजव्या बाजूचा अंतर्गळ." मग हात उचलून त्यांनी पुतण्याच्या कोपराला धरलं. "आणि कापणार आहे तो माझा पोरगा."

मुहन्नदनं हात पुढं केला. मी सुरी दिली.